तळाला टेकलाय की

"अण्णा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. तळापर्यंत."

"दाबलाय की. तळाला टेकलाय."

रत्नदीपच्या मांडीवर लॅपटॉप होता आणि त्याची वायर स्टिअरिंगखालच्या सॉकेटात. होटगीच्या पुढचा हा रस्ता चांगला सरळ आहे, म्हणून गॅरेज सोडून तो इथे आला होता. तिसऱ्या गिअरात चाळीसवरून ऐंशीला जायला गाडीला किती सेकंद लागतात आणि गाडीचं, आत बसलेल्यांचं वजन किती, एवढं कळलं की इंजिनाची ताकद काढता येते. हणमंतअण्णांनी आपलं वजन पंच्याहत्तर सांगितलं होतं. रत्नदीपने त्यांच्या पोटाकडे बघून ब्याऐंशी लिहिलं.

नऊ सेकंद लागले. गणित करून आकडा आला बासष्ट हॉर्सपॉवर. कंपनीच्या कागदावर शंभर आहे.

"बासष्टच?" अण्णांनी गाडी कडेला घेत विचारलं. कमी आकडा ऐकून खूश होणारं गिऱ्हाईक रत्नदीपने पहिल्यांदाच बघितलं होतं. "मग हाय की दोष! मी काय म्हणत हुतो?"

अण्णा एकतीस वर्षं अक्कलकोटला भक्तांची ने-आण करतात. या महिन्यात दोनदा ओव्हरटेक करताना गाडी ऐनवेळी ओढेना आणि समोरच्या ट्रकपासून ते थोडक्यात वाचले. तेव्हापासून मुलगा सतीश हट्टाला पेटलाय, गाडी विका आणि घरी बसा. अण्णांचं म्हणणं, गाडीत बिघाड आहे, तो निघाला की झालं. बिघाड शोधायचं काम रत्नदीपच्या गळ्यात पडलं होतं. त्याने फिल्टर बदलला, टर्बोचे पाइप तपासले, इंजेक्टर काढून बघितले. कशात काही सापडलं नाही. मे महिन्यातली दुपार, ही पाचवी फेरी, आणि त्याचं डोकं आता चालत नव्हतं.

त्याने कंटाळून आकड्यांचा तक्ता वर-खाली केला. वेग, इंजिनाचे फेरे, हवा. शेवटी एक रकाना होता, ॲक्सिलरेटर किती दाबला त्याचा. तो त्याने आजवर उघडलाच नव्हता. एकतीस वर्षं गाडी चालवणारा माणूस पूर्ण दाबला म्हणतो, तर तो कशाला तपासायचा?

अठ्ठावन्न टक्के. साठ. सत्तावन्न. साठ. एकोणसाठ. पाचही फेऱ्यांत कुठेच साठच्या वर नाही.

पेडलचा सेन्सर गेला असणार, त्याला वाटलं. नाहीतर खाली मॅट अडकली असेल. त्याने वाकून बघितलं. मॅट नव्हतीच. अण्णांचा उजवा पाय तेवढा पेडलवर होता, अनवाणी. अण्णा चप्पल घालून गाडी चालवत नाहीत. समोर स्वामींचा फोटो आहे हे एक कारण, आणि दुसरं ते सगळ्यांना ऐकवतात, की पायाला इंजिन कळलं पाहिजे.

"सरका अण्णा, एक फेरी मी मारतो."

"मार. पर बूट काढ आधी."

रत्नदीपने बूट-मोजे गाडीतच काढले आणि पलीकडे जायला रस्त्यावर उतरला. डांबर तव्यासारखं तापलं होतं. तो उड्या मारतच बॉनेटला वळसा घालून गेला. अण्णा चपला पायात सरकवून सावकाश चालत आले आणि त्याला बघून पोट धरून हसले.

"लई मऊ पाय रं तुमा पोरांचे!"

तिसरा गिअर, चाळीस. रत्नदीपने पाय तळाला टेकवला. गाडी अशी उसळली की अण्णांची पाठ सीटला चिकटली. साडेपाच सेकंद. कडेला थांबून त्याने अण्णांच्या मांडीवरून लॅपटॉप उचलला. ॲक्सिलरेटर शंभर टक्के. सेन्सर ठीक होता. हॉर्सपॉवर सत्त्याण्णव.

"काय केलंस रं? कुटं हात लावलास?" अण्णांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. "माझी गाडी आली की परत!"

रत्नदीपने कुठेच हात लावला नव्हता.

"उतर, उतर. घरापतुर मी चालवतो." अण्णा घाईघाईने खाली उतरले आणि चालता चालताच त्यांनी फोन लावला. रत्नदीपने लॅपटॉप बाजूच्या सीटवर ठेवला. सीटच्या खाली, जिथे अण्णांचे पाय होते तिथे, त्यांची उजवी चप्पल तशीच पडली होती.

अण्णा बॉनेटला वळसा घालून, कुठे न अडखळता, त्याच्या खिडकीपाशी येऊन उभे राहिले. डाव्या पायात चप्पल, उजवा पाय डांबरावर. पायाखालचं डांबर मऊ होऊन बोटांना चिकटत होतं. अण्णा हसत होते.

"ह्ये घे, सतीश हाय," त्यांनी फोन खिडकीतून आत धरला. "सांग त्याला. दोष सापडला म्हणून सांग."

रत्नदीपने फोन घेतला, पण कानाला लावला नाही.

"अण्णा, आधी चप्पल घाला."

"घातलीया की," अण्णा म्हणाले.

फोनमधून सतीश हॅलो, हॅलो करत होता.