ओली गोधडी

डॉक्टरांनी थर्मामीटर खिडकीच्या उजेडात धरला, वाचला आणि झटकला.

"ताप नाही."

"आयकलंस?" बाकावरून तुळशीराम म्हणाला. "तिसरी खेप हाय ही."

बळीराम सदऱ्याची गुंडी लावत राहिला. पनवेलपर्यंत चालत येण्यातच त्याचं बोलणं संपलं होतं. ताप दिवेलागणीला चढतो, पहाटे घामाबरोबर उतरतो, हे त्याने मागच्या दोन्ही खेपांना सांगितलं होतं. हिवतापाच्या गोळ्या मिळाल्या. कान वाजायला लागले, ताप तसाच राहिला. मिठागराच्या मुकादमाने त्याच्या जागी बदली माणूस घेतला. शेवटी काल जेवताना थोरल्या भावाने, तुळशीरामने, निकाल दिला होता: डॉक्टरला ताप सापडला नाही, तर उद्या मिठागरावर यायचं, नाहीतर चूल वेगळी मांडायची.

"कंबर दुखते म्हनतो," तुळशीराम डॉक्टरांना म्हणाला. "माझी नाय दुखत? मी काय हातरून धरलंय?" त्याने कमरेला उपरणं करकचून बांधलं होतं.

बळीरामची बायको गोदू दाराशी उभी होती. घरून निघताना तिने काखेत एक गाठोडं घेतलं होतं. ती पुढे आली, ते टेबलावर ठेवलं आणि गाठ सोडली. आत गोधडी होती. पहाटेची, अजून ओली.

"मी पानी नाय वतलं डाक्टर. गावदेवीची आन."

"उचल ती घान!" तुळशीराम ओरडला.

डॉक्टरांनी त्याला हातानेच थांबवलं. गोधडीचा कोपरा उचलून नाकाशी नेला. भिजल्या पेंढ्यासारखा वास होता. ते खुर्चीत बसले.

"घरात बकरी आहे?"

"हाय."

"गाभडली होती?"

"दिवालीनंतर. मेलेलं करडू यांनीच वडून काढलं."

"दूध तापवून पिता?"

"तापवल्यावर ताकद कुठं ऱ्हाते? धारेचंच देते. पयलं भावजींना, मग यांना."

"आणि तू?"

"आमच्यापर्यंत कुठं उरतंय?"

डॉक्टरांनी तिला बाहेर थांबायला सांगितलं आणि बळीरामला हळू आवाजात एक प्रश्न विचारला. बळीरामने मान खाली घालून हो म्हटलं. गेल्या महिन्यात खाली एका बाजूला सूज आली होती; लाजेने त्याने ती कुणाला दाखवली नव्हती. तुळशीराम भिंतीकडे बघत राहिला.

"हे मी आधीच विचारायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. "रक्त मुंबईला पाठवू, पण मला दुसरं काही वाटत नाही. दुधातून आलेला ताप आहे. मरणार नाहीस, पण छळेल. तीन आठवडे रोज सुई, गोळ्या त्याहून जास्त दिवस. बरा झालास असं वाटेल आणि पुन्हा उलटेल. तेव्हा मला शिव्या घालत घरी बसायचं नाही, परत यायचं. आणि कच्चं दूध बंद. घरात सगळ्यांचं."

"म्हंजे खरा हाय?" बळीरामने विचारलं.

"काय?"

"ताप."

डॉक्टरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "खरा आहे."

बळीरामला रडावंसं वाटलं. पण त्यालाही अंगात जोर लागतो.

बळीरामने सुई घेतली आणि तिघं घरच्या वाटेला लागली. गोदू गोधडी डोक्यावर घेऊन पुढे निघाली, वाटेत तेवढीच सुकेल म्हणून. बळीराम तिच्यामागे पाय ओढत होता. एरवी दहा पावलं पुढे असणारा तुळशीराम आज मागे पडला होता.

गावाबाहेर चिंचेखाली तो दगडावर बसला. कमरेचं उपरणं सोडून त्याने मानेवरून, छातीवरून फिरवलं. ऊन अजून चढलं नव्हतं. बळीराम त्याच्यासाठी थांबला.

तुळशीरामने उपरणं पिळलं. वर न बघता विचारलं,

"बळी, सुई लय दुखते काय रं?"