सात नंबरचा माग

कामगारांसाठीचं मेसेजचं अ‍ॅप कारखान्यांत रुजवणं, हे मृदुलाचं काम. इचलकरंजीच्या या कापड कारखान्यात मात्र आठवडाभर ग्रुपवर नुसती गुड मॉर्निंगची फुलं येत होती. आज साडेपाचच्या एसटीनं परत जायचं आणि राजीनामा द्यायचा, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

"मॅडम, हितं हाक मारली की काम हुतंय," सुपरवायझर घोरपडे म्हणाले.

तेवढ्यात त्यांच्या फोनवर त्याच ग्रुपचा मेसेज आला. 'सात नंबरच्या मागाची थरथर पायाला वेगळी लागतेय. चार दिवस झाले.' पाठवणारे तुपे, त्याच मागावरचे कामगार. जन्मापासून त्यांना ऐकू-बोलता येत नव्हतं. इथल्या वीस वर्षांत कुणी त्यांना काही विचारलंही नव्हतं.

घोरपड्यांनी माग थांबवून खाली वाकून पाहिलं. बोल्ट निम्मा बाहेर आला होता.

तुप्यांकडे वळून त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि फोन मृदुलापुढे धरला.

"मॅडम, मराठीत टाइप कसं करायचं, तेवढं शिकवा की."

साडेपाचची एसटी तिनं जाऊ दिली.