कोरी चिठ्ठी

बोलीचा कोश करणाऱ्या पुण्याच्या ताई पळसदरीच्या खळ्यावर बसल्या होत्या आणि भात पाखडता पाखडता बाया त्यांना शब्द सांगत होत्या. एका शब्दाला एक कोरी चिठ्ठी. "नवऱ्यानं सोडलेल्या बाईला काय म्हणता?" ताईंनी विचारलं. "टाकलेली!" साऱ्याजणी एकदम म्हणाल्या आणि कडेला बसलेल्या एकीकडे बघून हसल्या. खोपोलीच्या कारखान्यात लागल्यावर तिच्या नवऱ्यानं तिथंच दुसरी केली, तेव्हापासून ती भावाच्या दारी पडून होती. ताईंनी शब्द लिहून नवी चिठ्ठी काढली. "आणि टाकणाऱ्या पुरुषाला?" सुपं थांबली. असा शब्द कुणालाच आठवेना. उखाण्याखेरीज नवऱ्याचं नाव तिनं कधी घेतलं नव्हतं. आज ती पुढं झाली. "लिवा, हसुराम." "अहो, माणसाचं नाव कोशात येत नाही," म्हणत ताईंनी चिठ्ठी कोरीच ठेवली. "नाव मलाबी हाय, ताई. मगाशी मला कशी लिवली?"