घुंगरांवर कान

“मांडीवर घेऊ नोका मामाजी,” चंचलनं तिसऱ्यांदा बजावलं. “मांडीवर घेतलं का पोरगं निजते, अन् त्याच्यासंग तुमी बी निजता. निस्ता घुंगरांकडे कान ठेवा.”

“ठेवतो वो बाई. जाय तू. धानाच्या रोवणीले उशीर होईल.”

इस्तारी अगदी सहज बोलल्यासारखं बोलला.

मागच्या सोमवारी नातवाला मांडीवर घेऊन जाळं विणता विणता त्याला डुलकी लागली. जाग आली तेव्हा मांडी रिकामी. अंगणापासून वीस पावलांवर बोडी, गावाचं लहानसं तळं. शेजारच्या मंगलीनं सोनूला पाण्यातून उचलून आणलं होतं. चंचल सासऱ्याला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून ती पोराला कडेवर घेऊन बांधीवर, धानाच्या शेतात, नेऊ लागली आणि इस्तारीच्या घशाखाली घास उतरेना. काल त्यानं सुनेपुढे चक्क हात जोडले. “एक डाव देऊन पाय, पोरी. मी काय घरातला दगड हाओ का?”

आज तो डाव मिळाला होता.

त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी दिवाळीनंतरची तारीख दिली होती. तोवर जग म्हणजे नुसता उजेड आणि हलत्या सावल्या. बोटं मात्र शाबूत होती, जाळ्याच्या गाठी मारायला त्याला डोळे कधी लागलेच नव्हते. आणि पोर सांभाळायला घुंगरू होते. ढिवरांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या, घरी पोर पावलं टाकायला लागलं की त्याच्या करदोड्यात घुंगरू ओवतात. जाळं विणणाऱ्याची नजर जाळ्यावर, कान पोरावर. इस्तारीची चार पोरं अशीच वाढली होती.

छुम छुम छुम. छोटी सावली ओसरीसमोरून धावली.

“सोनू, इकडे ये. आदा म्हण.”

आदा म्हणजे आजोबा; सोनूला तेवढा एकच शब्द येई. आज तोही नाही. माय गेल्याचा राग असणार, इस्तारीनं मनाशी म्हटलं. त्यानं मुरमुऱ्यांची वाटी पुढे सरकवली. थोड्या वेळानं चाचपून पाहिली, तर चाटूनपुसून लख्ख.

तेवढ्यात करडू ओरडलं. त्याची आई लटारू गुराख्याच्या बकऱ्यांसोबत चरायला गेली होती, म्हणून करडू रोज टोपल्याखाली झाकलेलं असे.

“ओरडू नोको बाबा,” इस्तारी हसला. “तुही माय गेली, सोनूची बी माय गेली. सांजेले येतेत दोघीबी.”

मग कुणीतरी त्याच्या धोतराचं टोक ओढलं. ओलं केलं, चावलं. दात येत होते पोराला. मांडीवर घ्यायला इस्तारीचे हात शिवशिवले, पण शब्द म्हणजे शब्द. त्यानं हात जाळ्यातच ठेवले. सावली पुन्हा पळाली. आज पोराच्या पायाला भिंगरीच लागली होती.

दुपार कलली आणि घुंगरू थांबले.

इस्तारीची गाठ अर्धवट राहिली. त्यानं दहा अंक मोजले. मग आणखी दहा.

“सोनू? ओ सोनू!”

काहीच नाही. गाव सगळं रोवणीला गेलेलं. हाक मारायची तर कुणाला? काठी शोधत न बसता तो तसाच धावला. दगडाला ठेचकाळला, पडला, उठला. पावलांना पाणी लागलं, मग गुडघ्यांना, मग कमरेला. वाकून तो दोन्ही हातांनी तळ चाचपू लागला. चिखल लागला. शेवाळ लागलं. एक गुळगुळीत गोल काहीतरी लागलं आणि त्याचा जीवच गेला, पण तो गोटा निघाला.

“देवा, मले ने,” तो मोठ्यानं बोलू लागला. “मी म्हातारा हाओ. त्याले नोको नेऊ.”

छुम.

मागून, वालाच्या मांडवाखालून. छुम छुम. पानं सळसळली.

कमरेइतक्या पाण्यात उभा राहून इस्तारी हमसून हमसून रडला. तो बाहेर आला तो थेट मांडवाजवळ जाऊन बसला, आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलला नाही. जाळ्याची एक गाठ झाली नाही त्या दिवशी.

उन्हं उतरल्यावर पावलं वाजली. चंचलचीच. जरा जड, दमलेली.

“काय म्हणते घर, मामाजी?”

“काय म्हणन? मस्त खेळला पोरगा.” इस्तारीनं छाती पुढे काढली. “एक डावबी बोडीकडे जाऊ नाई देल्लं. झोपलो बी नाई.”

“तुमचं धोतर काऊन ओलं हाय?”

“हात धुवाले गेलतो. पाय घसरला.”

चंचलनं त्याच्या धोतराला हात लावून पाहिला. ते कमरेपर्यंत ओलं होतं.

“मामाजी,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. “तुमी पाण्यात गेलते?”

“मनलं ना, पाय घसरला. आता उद्याबी ठेवून जाशीन ना त्याले?”

छुम छुम करत सावली त्याच्या गुडघ्याशी आली आणि अंग घासू लागली. माय आली होती. आता पोराला हात लावायला हरकत नव्हती.

“राहू द्या, मी घेतो त्याले,” चंचल घाईनं पुढे झाली.

पण इस्तारीचा हात पोराच्या डोक्यावर पोचला होता. दिवसभर आवरलेली माया त्या हातात होती. बोटं हळूच कपाळावरून फिरली, आणि तिथं त्यांना दोन बारकी, कोवळी शिंगं लागली.

त्यानं मान बोडीकडे वळवली. त्याच क्षणी वरून, चंचलच्या कडेवरून, झोपेतून नुकता जागा झालेला आवाज आला, “आदा.”