एका हिसक्याची गाठ

दोरी तुटलेली नव्हती. पिराजीनं ती या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांतून ओढून पाहिली, मग उलटी ओढून पाहिली. कुठं पीळ उसवलेला नाही, एक धागा विस्कटलेला नाही.

शिडाची होडी सकाळीच देवगडाहून टेम्पोनं परत आली होती आणि गोठ्यासमोर जुन्या टायरांवर टेकून उभी होती. कसबा बावड्यात, उसाच्या फडाला लागून, होडी! ती तयार होत होती तेव्हा सगळा बावडा येऊन थट्टा करून गेला होता. आज तीच माणसं आली, लांबूनच बघून गेली. पिराजीचा मुलगा उदयसिंह तिच्याबरोबर परतला नव्हता. त्याचे दिवस घालून आठवडा झाला होता.

"मागचा नांगर हितंच हुता न्हवं?" होडीत चढलेल्या पिराजीनं मागच्या कडेवर हात ठेवला. तिथं दोन लोखंडी पट्ट्यांच्या बेचक्यात पाण्यात टाकायचा नांगर आडवा बसायचा आणि वरून या दोरीनं आवळायचा. बेचकं रिकामं होतं.

"व्हय आबा." अझीम खाली गोठ्याच्या कट्ट्यावर बसला होता. उदयसिंहाचा शाळेपासूनचा जोडीदार, होडीवरचा दुसरा गडी. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला.

"कसा सुटला?"

"वारं वाढलं. होडी आपटाय लागली, आन् नांगर निसटून पाण्यात. खाली खडकाला अडकला. शेपटी धरल्यागत होडी जागंवर थांबली, मागनं लाटा आत. नांगराचा दोर कापाय उदय मागं गेला..." पुढचं त्यानं पोलिसांना सांगितलं होतं, उदयच्या मामांना सांगितलं होतं, सगळ्या बावड्याला सांगितलं होतं. इथं सांगवेना.

बावड्यात पिराजीच्या गाठीचं कौतुक पिराजीइतकं कुणालाच नव्हतं. महापुरात पंचगंगा गोठ्यात शिरली तेव्हा त्यानं सात जनावरं सात हिसक्यांत मोकळी केली होती. शेजारच्या केरबानं निरगाठी मारलेल्या. त्याच्या दोन म्हशी दाव्यालाच राहिल्या. तेव्हापासून पाहुणा आला की आधी ही गोष्ट, मग चहा. सुरगाठ! जनावरानं कितीही ओढावं, सुटायची नाही. दोरीचं मोकळं शेपूट ओढलं की एका हिसक्यात मोकळी. होडी निघाली त्या दिवशी टेम्पोवर चढून मागचा नांगर त्यानंच आवळला होता. "घाटात सोडा, वादळात हलायचा न्हाय," असं चार माणसांत म्हणालाही होता.

"अझ्या, खरं सांग. माझी गाठ सुटली का?"

अझीमनं मान वर केली नाही. "न्हाय आबा. ती मी सोडलेली. दुपारी नांगर टाकलेला, काढून मीच परत बांधला. ढिला ऱ्हायला."

म्हशीचं वय चोरणारी माणसं पिराजीनं आयुष्यभर बाजारात ऐकली होती. त्यांचंही बोलणं असंच गुळगुळीत असायचं, घरनं घोटून आणलेलं. शिवाय दोरीत सुरगाठीचा वाक अजून तसाच होता, वाळलेल्या मिठानं पांढरा.

त्यानं ते खोटं ठेवून घेतलं. डोक्यावरचं ओझं दुसऱ्यानं न मागता उचललं तर नको कोण म्हणतं?

पण चहाचे दोन कप घेऊन त्याची बायको धोंडुबाई दारात उभी होती. तिनंही ऐकलं होतं.

हात मोडलेल्या या पोराला ती तीन आठवडे स्वतः भरवत होती. आपलं गेलं, हे तरी राहिलं, म्हणून.

"तू बांधलेलास?"

"व्हय काकी."

"ऊठ. माझ्या दारात परत दिसू नगंस."

अझीम उठला. चपला शोधल्या. गोठ्यापासून फाटक पंचवीस पावलं. होडीवर उभा राहून पिराजी पावलं मोजत होता. दहापर्यंत त्याला बरं वाटत होतं.

"अझ्या, थांब!"

तो खाली उतरला, गोठ्यात गेला आणि धोंडुबाईच्या डोळ्यांसमोर म्हशीच्या दाव्याचं शेपूट ओढलं. गाठ गेली.

"अशी बांधलेली मी," तो म्हणाला. "लाटंनं शेपूट वडलं आसंल. त्या पोरानं न्हाय बांधली."

धोंडुबाईनं अझीमकडं बघितलं. तो फाटकाला धरून उभा होता.

"मी सोडून नीट बांधणार हुतो, काकी," तो रडत म्हणाला. "उदयच म्हणला, आबांची गाठ हाय, हात लावू नगंस."

मग धोंडुबाई फाटकापर्यंत चालत गेली आणि एक कप अझीमच्या डाव्या हातात दिला. दुसरा तिच्याच हातात राहिला. परत येताना ती पिराजीकडं न बघता म्हणाली,

"म्हस मोकळी हाय. बांधा."

पिराजीनं दावं उचललं. खुंट्याला वेढा दिला, बोटांनी फास केला, शेपूट आत सारलं. बघितलं, आणि सोडलं. पुन्हा वेढा, पुन्हा फास. त्याला निरगाठ मारायची होती. हाताला सुरगाठच येत होती.

म्हैस जागची हलली नव्हती. ती मान खाली घालून, बांधून घ्यायला उभी होती.