पलीकडचा बाक

रविवारच्या मिस्सात, प्रार्थना चालू असताना फादर म्हणाले, “एकमेकांना शांती द्या,” आणि मी आमचा बाक सोडून मधली वाट ओलांडली.

चर्चमध्ये आम्ही डावीकडे बसतो, शेजारचे इनासकाका उजवीकडे. कोंबड्यावरून भांडण झालं, तेव्हापासून ही सोय आहे. चुकूनही एकमेकांशी हात मिळवून शांती द्यावी लागत नाही. तो कोंबडा कधीच वारला. भांडणाची तब्येत मात्र उत्तम आहे.

मी काकांपुढे हात केला. काकांनी आपले दोन्ही हात खिशात घातले. गायकवृंदाने शांतीचं गाणं पुन्हा पहिल्यापासून घेतलं.

“जोएल, परत ये!” मागून पप्पा ओरडले. “नाहीतर आज घरात पाऊल टाकायचं नाही!”

“नाही टाकत,” मी म्हणालो. हात तसाच ठेवला.

गाणं तिसऱ्यांदा सुरू झालं, तेव्हा काकांनी खिशातून एक बोट बाहेर काढलं. तेवढंच. मी ते दोन्ही हातांनी धरून जोरात हलवलं.

“झालं समाधान? आता जा,” काका गुरगुरले.

“कुठे जाऊ? माझं घर आत्ताच बंद झालं,” मी म्हणालो. “जरा सरका.”

काका सरकले.