बरोबर वाक्य

फिजिओथेरपीच्या वर्गात, दुखणं समजून घ्यायच्या ऑनलाइन गेममध्ये तो पहिला आला होता. पडद्यावरचा पेशंट कळवळला की चार वाक्यांतलं बरोबर वाक्य निवडायचं, लगेच मार्क. त्याला ती वाक्यं तोंडपाठ होती.

आज पहिलाच खराखुरा पेशंट, खांदा आखडलेले एक निवृत्त ड्रायव्हरकाका. मार्क द्यायला मॅडम शेजारी उभ्या. त्याने काकांचा हात धरून वर न्यायला सुरुवात केली. अर्ध्यावरच काका ओरडले, "अरे थांब, जीव जातोय माझा!"

मॅडमकडे बघत, जराही न अडखळता तो म्हणाला, "काका, तुमचं दुखणं खरं आहे. माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे."

हात वर जातच राहिला.

 

"विश्वास आहे ना? मग हात सोड की!"